न्यूसेला : खडकावरची शिकारी गोगलगाय आणि बंदरांचे रंग

समुद्रकिनारा म्हटला म्हणजे वाळूची पुळण, माडांची रांग आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या हेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा खडकांचा पट्टा हाही किनाऱ्याचाच एक महत्त्वाचा भाग होय. येथे राहणाऱ्या जिवांना काही तास लाटांचा मारा आणि काही तास उघडे ऊन-वारा सोसावा लागतो. जगण्यास इतकी कठीण असलेली ही जागा प्रत्यक्षात मात्र प्राण्यांनी आणि शेवाळांनी गजबजलेली असते.

उत्तर अटलांटिक महासागराच्या अशा खडकांवर इंच-सव्वा इंच लांबीची एक गोगलगाय राहते. पर्यटकाचे तिच्याकडे लक्षही जात नाही. तथापि, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच प्राण्याने दिलेल्या इशाऱ्यामुळे अनेक राष्ट्रांना आपले नौकानयनविषयक नियम बदलावे लागले आणि पुढे एक आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात आला. त्यामुळे या गोगलगायीची हकीकत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांइतकीच प्रशासनातील अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनीही समजून घेण्याजोगी आहे.

नाव आणि कूळ

या गोगलगायींच्या प्रजातीला ‘न्यूसेला’ असे नाव आहे. मृदुकाय प्राण्यांच्या उदरपाद वर्गातील म्युरिसिडी या कुळात तिचा समावेश होतो. न्यूसेला या शब्दाचा अर्थ लहानसे कवचफळ असा आहे. या प्रजातीतील सर्वांत परिचित जाती म्हणजे ‘न्यूसेला लॅपिलस’. इंग्रजी भाषक तिला ‘डॉग व्हेल्क’ म्हणून ओळखतात. ‘लॅपिलस’ म्हणजे छोटा खडा. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली तिला हे जातिनाम दिले. पुढे तिची प्रजाती अनेकदा बदलली गेली. त्यामुळे जुन्या ग्रंथांत ती ‘पुर्पुरा’ किंवा ‘थायस’ या नावांनी आढळते.

न्यूसेलाच्या बहुतेक जाती उत्तर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यांवर राहतात. लॅपिलस ही जाती मात्र अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना आढळते. युरोपात नॉर्वे व आइसलँडपासून पोर्तुगालपर्यंत, तर अमेरिकेच्या बाजूस कॅनडापासून न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडपर्यंत तिचा विस्तार आहे. तिचे कवच जाड, टोकदार आणि सामान्यतः तीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. पांढरा, करडा, पिवळा, तपकिरी आणि पट्टेदार असे त्याचे नाना रंग दिसतात.

शिकारीची रीत

बागेतील गोगलगाय पाने खाते, हे सर्वांना ठाऊक आहे. न्यूसेला मात्र पूर्णतः मांसाहारी आहे. खडकाला चिकटून राहणारे बार्नॅकल आणि शिंपल्यांच्या वर्गातील मसल हे तिचे मुख्य भक्ष्य होय. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांना शिणाणे म्हणतात, त्यांच्याच जवळचे हे मसल होत. हे दोन्ही प्राणी जागचे हलत नाहीत. पण त्यांची घरे भक्कम असतात. ती फोडण्याचे बळ गोगलगायीत नसते. म्हणून ती घाई न करता घराला भोक पाडते.

तिच्या तोंडात रेत्रिका नावाची दातेरी पट्टी असते. किसणीप्रमाणे ती कवचावर घासली जाते. त्याचबरोबर तिच्या पायावरील एका विशिष्ट अवयवातून आम्ल व विकरे असलेला स्राव बाहेर पडतो आणि त्यामुळे कवचाचा चुना मऊ होतो. स्राव लावणे आणि किसणे या दोन क्रिया आळीपाळीने चालतात. अखेरीस एक लहानसे, गोल व स्वच्छ भोक तयार होते. त्यातून आपली सोंड आत घालून ती भक्ष्याचे मांस पाचक रसाने विरघळवते आणि शोषून घेते. एक मसल संपविण्यास तिला कित्येक दिवस लागू शकतात. किनाऱ्यावर सापडणाऱ्या रिकाम्या शिंपल्याला असे गोल भोक असेल, तर तो अशाच एखाद्या शिकारी गोगलगायीचा बळी असण्याचा संभव मोठा असतो.

मसल हा प्राणी अगदीच निमूटपणे मरण पत्करतो असे मात्र नाही. खडकाला धरून राहण्यासाठी तो चिवट धागे सोडत असतो. जवळ आलेल्या गोगलगायीच्या कवचाला अनेक मसल मिळून असे धागे चिकटवतात. त्यात जखडलेली गोगलगाय कधी कधी उपासमारीने मरते.

परिस्थितीप्रमाणे कवच

एकाच जातीच्या या गोगलगायी सर्वत्र सारख्या दिसत नाहीत. जेथे लाटांचा जोर मोठा असतो, तेथे त्यांचे कवच आखूड व तोंड रुंद असते. कारण खडकाला घट्ट धरण्यासाठी मोठ्या पायाची गरज असते. शांत खाडीत लाटांचे भय कमी, पण खेकड्यांचे भय अधिक. तेथील गोगलगायींचे कवच जाड आणि तोंड अरुंद असते, म्हणजे खेकड्याच्या नांगीला आत शिरण्यास वाव मिळत नाही.

ज्या पाण्यात खेकडे ठेवलेले असतात, त्या पाण्याचा केवळ गंध पोहोचला तरी या गोगलगायी कवच जाड करू लागतात आणि कमी खातात, असे प्रयोगांती दिसून आले आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर युरोपातील हिरवा खेकडा जाऊन पोहोचल्यानंतर तेथील गोगलगायींची कवचे पूर्वीपेक्षा जाड झाल्याचे संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी तुलना करून दाखविण्यात आले आहे. एका परक्या प्राण्याच्या आगमनाची नोंद अशा रीतीने कवचावर उमटली.

खडकावरचा समतोल

शिकारी प्राणी म्हणजे नुकसान करणारा प्राणी, अशी समजूत सर्वसाधारणपणे असते. जोसेफ कॉनेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधील कंब्रे बेटावर केलेले आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. त्यांनी खडकाच्या काही भागांवर जाळीचे पिंजरे बसवून तेथे गोगलगायींना येऊ दिले नाही आणि आतील व बाहेरील बार्नॅकलांची नियमित गणना केली. पिंजऱ्याबाहेर गोगलगायींनी मोठी, वयस्क बार्नॅकले मोठ्या प्रमाणावर खाल्ली. पिंजऱ्याच्या आत ती टिकून राहिली. खडकावर कोणता प्राणी किती आणि कोठे राहील, हे ठरविण्यात शिकाऱ्याचा वाटा किती मोठा असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. साधी जाळी, नियमित मोजणी आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर झालेले हे काम आजही परिस्थितिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत शिकविले जाते.

जांभळ्या रंगाचा इतिहास

म्युरिसिडी कुळातील गोगलगायींचा मानवी इतिहासाशी फार जुना संबंध आहे. भूमध्य समुद्राकाठी फिनिशियन लोक याच कुळातील गोगलगायींपासून राजवस्त्रांचा प्रसिद्ध जांभळा रंग तयार करीत. पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली अशा १२,००० गोगलगायींपासून अवघा १.४ ग्रॅम रंग मिळविला आणि त्याची रासायनिक रचना निश्चित केली. हा रंग म्हणजे निळीचेच ब्रोमीनयुक्त रूप होय, असे त्यातून सिद्ध झाले.

न्यूसेलाच्या अंगातही असाच स्राव असतो. प्रथम तो पांढुरका दिसतो. उन्हात ठेवल्यास पिवळा, हिरवा, निळा अशा छटा घेत शेवटी जांभळा होतो. आयर्लंडच्या पश्चिमेस असलेल्या इनिशकी बेटावरील उत्खननात सातव्या शतकाच्या सुमारास या गोगलगायींपासून रंग काढला जात असल्याचा पुरावा मिळाला आहे. विल्यम कोल यांनी १६८५ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील या रंगाचे व त्याच्या बदलत्या छटांचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या प्राण्याने एकेकाळी माणसाला रंग दिला, त्याच प्राण्यावर पुढे माणसाच्या रंगामुळे संकट ओढवले, हा एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल.

संथ वंशवृद्धी

हे संकट समजण्यासाठी तिच्या प्रजोत्पादनाची पद्धत लक्षात घेणे आवश्यक आहे. या गोगलगायींत नर व मादी स्वतंत्र असतात. मादी खडकांच्या कपारीत गव्हाच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या पिवळसर कुप्या चिकटवते. प्रत्येक कुपीत शेकडो अंडी असली तरी त्यांपैकी बहुतेक अंडी वाढणाऱ्या पिलांचे खाद्य म्हणूनच उपयोगी पडतात. सुमारे चार महिन्यांनी प्रत्येक कुपीतून थोडीच पिले बाहेर येतात आणि तेथेच खडकावर सरपटू लागतात.

शिंपले, कालवे इत्यादी बहुतेक प्राण्यांचे डिंभ पाण्यातून तरंगत दूरदूर जातात आणि नव्या जागी वस्ती करतात. न्यूसेलाला तरंगणारा डिंभ नाही. त्यामुळे एखाद्या खडकावरील वंश नष्ट झाला तर शेजारून नवी पिले लवकर येऊन पोहोचत नाहीत. ही जागा पुन्हा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

एक चमत्कारिक आढळ

इंग्लंडमधील प्लिमथ येथील किनाऱ्यावर काही मादी गोगलगायींच्या अंगावर नराच्या जननेंद्रियासारखी वाढ असल्याची नोंद १९७० साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास अमेरिकेतही दुसऱ्या एका सागरी गोगलगायीत असाच प्रकार आढळला. या विकृतीस ‘इम्पोसेक्स’ असे नाव देण्यात आले. बंदरे आणि बोटींचे तळ यांच्या जवळ तिचे प्रमाण अधिक आणि दूर जावे तसतसे कमी, असे आढळून येऊ लागले. परंतु कारण लवकर उमगले नाही.

जहाजाच्या पाण्याखालील भागावर शेवाळ, बार्नॅकले व शिंपले वाढतात. त्यामुळे जहाजाची गती मंदावते आणि इंधन अधिक जळते. ही वाढ रोखण्यासाठी पूर्वी तांब्याचे पत्रे व तांबेयुक्त रंग वापरीत. साधारण १९६० नंतर ‘ट्रायब्युटिल टिन’ या कथिलाच्या संयुगाचे रंग बाजारात आले. ते अत्यंत परिणामकारक ठरले. मोठ्या जहाजांना एकदा रंग दिला की सुमारे पाच वर्षे पाहावे लागत नसे. रंगातील विष थोडे थोडे पाण्यात उतरत राही आणि तळाला चिकटू पाहणारा जीव मरे. पण समुद्रात उतरलेले विष जहाजापाशीच थांबत नाही, याचा विचार त्या वेळी पुरेसा झाला नव्हता.

अमेरिकेत या संयुगाचा व विकृतीचा संबंध १९८१ साली दाखविण्यात आला. प्लिमथ येथील संशोधक ब्रायन व गिब्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली न्यूसेलाविषयी निर्णायक पुरावा मांडला. नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर जेथे बोटींची वर्दळ अधिक, तेथे मादींतील विकृती अधिक आणि गोगलगायींची संख्या घटलेली, असे त्यांना आढळले. स्वच्छ जागेतील गोगलगायी बोटींच्या वर्दळीच्या खाडीत नेऊन ठेवल्यावर त्यांच्यातही विकृती निर्माण झाली.

विकृती वाढली की मादीच्या अंगातील अंडी बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. अंड्यांच्या कुप्या आत साठून राहतात, मादी वांझ होते आणि बहुधा मरते. पिले जन्माला येत नाहीत आणि काही वर्षांत खडक ओस पडतो. या विषाच्या मात्रेची कल्पना करणेही कठीण आहे. एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग किंवा त्याहून कमी विष असले तरी विकृती सुरू होते आणि सुमारे पाच अब्जांश ग्रॅमपर्यंत ते पोहोचले की माद्या वांझ होऊ लागतात. दहा हजार लिटर पाण्याचे एक लाख टँकर भरून त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम पदार्थ मिसळावा, म्हणजे पहिले प्रमाण होते. हे विष शरीरातील संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या एका विशिष्ट ग्राहीशी जोडले जाऊन हा परिणाम घडविते, असे जपानमधील संशोधकांनी २००४ साली याच कुळातील दुसऱ्या गोगलगायीवर प्रयोग करून दाखविले.

निर्बंध कसे आले

निर्बंधाचे पहिले पाऊल फ्रान्सने उचलले. तेथील आर्काशाँ उपसागरात कालवांची शेती मोठ्या प्रमाणावर चालते. १९७७ ते १९८१ या काळात तेथे कालवांची नवी पैदास खुंटली आणि वाढलेल्या कालवांची कवचे बेढब झाली. शेकडो कुटुंबांच्या उपजीविकेवर गदा आली. परिणामी, १९८२ साली २५ मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटींना हे रंग लावण्यास तेथे मनाई करण्यात आली. ब्रिटनने मे १९८७ मध्ये आणि अमेरिकेने १९८८ साली असेच निर्बंध घातले.

मोठी जहाजे मात्र एका राष्ट्राच्या कायद्याने बांधली जात नाहीत. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ रोजी एक करार संमत केला. तो १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. भारतही या कराराचा सदस्य आहे. पहिला आढळ १९७० चा, निर्णायक पुरावा १९८६ चा आणि जागतिक बंदी २००८ ची, या तीन वर्षांमधील अंतर विचार करावयास लावणारे आहे.

एक विष काढले म्हणजे त्याच्या जागी आलेले दुसरे निर्धोक असतेच असे नाही, हेही या प्रकरणातून दिसले. पर्याय म्हणून तांबेयुक्त रंगांत मिसळण्यात येणाऱ्या सायब्युट्रिन या द्रव्याचे शेवाळावर व सागरी वनस्पतींवर घातक परिणाम होत असल्याचे आढळले. त्यामुळे २०२१ साली करारात दुरुस्ती करून १ जानेवारी २०२३ पासून त्याचाही वापर बंद करण्यात आला.

खडक पुन्हा भरू लागले

निर्बंधांनंतर युरोपच्या अनेक किनाऱ्यांवर विकृतीचे प्रमाण कमी होत गेले आणि ओस पडलेल्या खडकांवर न्यूसेला पुन्हा दिसू लागली. हा बदल मोजण्याचे साधनही तीच होती. स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांवरील सलम व्हो या तेलबंदराच्या परिसरात १९८७ पासून वेळोवेळी या गोगलगायी तपासून प्रदूषणाची चढउतार नोंदविण्यात आली. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी झालेल्या ओस्पार करारान्वयेही तिचा असाच उपयोग केला जातो आणि संकटग्रस्त व घटत्या जातींच्या यादीत तिला स्थान देण्यात आले आहे.

तथापि, बंदरांच्या तळाशी असलेल्या गाळात हे विष दीर्घकाळ टिकून राहते. गाळ उपसताना ते पुन्हा पाण्यात मिसळू शकते. म्हणून बंदी घातल्याबरोबर प्रश्न मिटला, असे मानता येत नाही.

कोकण किनारा आणि ही शिकवण

न्यूसेला ही थंड समुद्रातील रहिवासी आहे. कोकणात ती आढळत नाही. परंतु तिच्याच म्युरिसिडी कुळातील थायस गटाच्या गोगलगायी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील खडकांवर राहतात आणि बार्नॅकले, कालवे व शिंपले यांचीच शिकार करतात. गुजरात आणि गोव्याच्या किनाऱ्यांवरील सागरी गोगलगायींतही ही विकृती आढळल्याचे भारतीय संशोधकांनी नोंदविले आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ परदेशचा नाही.

कोकणातील खाड्यांकाठी कालवे, शिणाणे आणि तिसऱ्या गोळा करून अनेक कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, चरितार्थ चालतो. आर्काशाँच्या कालवांवर जे संकट आले, त्याची झळ अशाच कुटुंबांना प्रथम लागते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार भरती व ओहोटी यांच्या रेषांमधील पट्टा हे एक स्वतंत्र संरक्षित क्षेत्र आहे. तो पडीक भूभाग नाही. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी भराव, सांडपाणी, जुन्या रंगाचे खरवडलेले अवशेष आणि तेलकट कचरा यांबाबत निर्णय घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. होड्यांचे तळ जेथे खरवडले व रंगविले जातात, तेथील खरवड पाण्यात जाऊ न देता गोळा करण्याची साधी व्यवस्थाही पुष्कळ उपयोगी पडू शकते.

किनारी शाळांतील शिक्षकांनाही यात करण्यासारखे बरेच आहे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट घेऊन ओहोटीच्या वेळी ठरलेल्या खडकावर ठेवावी आणि तिच्यातील गोगलगायी, बार्नॅकले व शिंपले विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावेत. प्राणी उचलून नेऊ नयेत. उलटलेला दगड पुन्हा जागच्या जागी ठेवावा. भरती केव्हा सुरू होते याची माहिती स्थानिक मच्छीमारांकडून आधी घ्यावी आणि निसरड्या खडकावर मुलांना एकटे सोडू नये. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खडकावर केलेली ही मोजणी नोंदवहीत जपून ठेवल्यास काही वर्षांनी तीच गावाची मोलाची संपत्ती ठरेल. कारण पूर्वी काय होते याची नोंद नसेल, तर काय नाहीसे झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

प्लिमथच्या किनाऱ्यावरील खडक ओस पडत आहेत, हे कळले ते तेथे कोणीतरी वर्षानुवर्षे बारकाईने पाहत होते म्हणून. प्रयोगशाळेतील यंत्रांना जी मात्रा मोजणे अवघड होते, ती एका लहानशा गोगलगायीच्या शरीरावर उमटली होती. किनाऱ्यावरील कोणताही जीव क्षुल्लक समजून चालणार नाही, हे या प्रकरणाचे तात्पर्य होय. ते वेळीच ओळखण्याची जबाबदारी शासन, पंचायत, शाळा आणि किनाऱ्यावर राहणारा समाज या सर्वांची आहे.